जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पडलंय? पार्ट बदलायच्या आधी वही काढा

माझ्याकडे २०११ ची एक हजार सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर एक लाख अठरा हजार. आधीच्या मालकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की सिटीत आरामात सोळा देते. पहिल्या महिन्याचं पेट्रोलचं बिल बघून बायको म्हणाली, "गाडी घेतलीय का म्हैस पाळलीय?" मग मी तेच केलं जे सगळे करतात, गॅरेजला गेलो. पहिल्याने इंजेक्टर क्लीनिंग केलं, दुसऱ्याने प्लग आणि फिल्टर बदलले, तिसरा म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, आणि प्रत्येक वेळी मला दोन दिवस वाटायचं की फरक पडला, गाडी हलकी झाली वगैरे, पण पाच-सहा हजार गेले आणि ॲव्हरेज होतं तिथंच. खरा दोष शेवटी दोन अशा ठिकाणी निघाला जिथं यातल्या कोणी बघितलंच नव्हतं.

हे नवशिक्यांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांना बॉनेट उघडता येतं पण आत बघायचं काय ते माहीत नाही. क्रम मुद्दाम असा लावलाय की फुकटच्या गोष्टी आधी आणि पैशाच्या नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

पायरी १ : आधी खरं ॲव्हरेज काढा

आपल्याकडे निम्मे लोक "पाचशेचं टाक" म्हणतात आणि काट्यावरून अंदाज बांधतात. त्याला काही अर्थ नाही, काटा वरच्या अर्ध्यात हळू उतरतो आणि खालच्या अर्ध्यात धाडकन, कारण टाकी काही चौकोनी डबा नसते. डिस्प्लेवर ॲव्हरेजचा आकडा दाखवणाऱ्या गाड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो बहुतेक वेळा थोडा गोड बोलतो.

टाकी टू टाकी करा. पंपावर जा, पहिल्या ऑटो कटला नोझल थांबलं की बस, तिथंच थांबायचं. रुपये राऊंड करायला पंपावरचा पोरगा अजून दोनतीनदा नोझल दाबतो, त्याला आधीच सांगून ठेवा की दाबू नको, कारण त्याने मोजमाप तर बिघडतंच पण गळ्यापर्यंत पेट्रोल भरलं की ते वाफेसाठी असलेल्या कोळशाच्या डब्यात जायची भीती असते आणि तो डबा एकदा भिजला की वेगळंच झेंगट मागे लागतं. ट्रिप मीटर शून्य करा. मग कमीत कमी तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, उगाच संतासारखी नको. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, त्याच दिशेला गाडी उभी करून, पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर, झालं. माझं पहिलं आलं ३१८ भागिले २८.४ म्हणजे ११.२. ऑटो कट कधी लिटरभर आधी पडतो कधी नंतर, म्हणून एका टाकीवर निकाल देऊ नका, दोन तरी घ्या.

वहीत आकड्याशेजारी एक ओळ लिहा की गाडी कुठं फिरली. माझा रोजचा रस्ता चिंचवड ते चाकण, जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, त्यात तळवड्याची आणि चाकण चौकातली ट्रॅफिक, आणि मधेच एखादा वीकएंड कोल्हापूर. या दोन्हींचं ॲव्हरेज एकत्र मिसळलं तर आकडा काहीच सांगत नाही. उभ्या गाडीचं छोटं इंजिनसुद्धा एसी बंद असताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर अजून जास्त. रोज पाऊण तास सिग्नलला उभे असाल तर त्यातलं बरंच पेट्रोल तिथंच जातंय, त्याला मेकॅनिक काय करणार.

अजून दोन गोष्टी इथंच तपासून घ्या. एक म्हणजे टायरचा साईज. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने रुंद टायर घातलेले असतात आणि मग मीटर खोटं बोलतं. उदाहरण घ्या, १४५/८० आर १३ च्या जागी १५५/८० आर १३ घातले की चाकाचा व्यास साधारण ५६२ मिलीमीटरवरून ५७८ होतो, म्हणजे गाडी शंभर किलोमीटर चालली की मीटर सत्त्याण्णवच्या आसपास दाखवणार आणि तुम्ही म्हणणार ॲव्हरेज पडलं. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर किंवा मोबाईलच्या जीपीएसवर वीस किलोमीटर ताडून बघा.

दुसरं म्हणजे पंप. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर छापे टाकून पंपांच्या मशीनमधल्या, पेट्रोल कमी देणाऱ्या चिपा पकडल्या होत्या, त्यामुळे संशय यायला हरकत नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा (म्हणजे सरकारी वजनमापवाल्यांचा) शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिली इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त कमी निघालं तर तक्रार करा. पण खरं सांगू का, ॲव्हरेज सोळावरून अकरावर आलं असेल तर ते पंपामुळे नाही, एवढी चोरी कोणी करत नाही. दोन-तीन टाक्या वेगळ्या पंपावर भरून बघा आणि तो विषय संपवा.

ई-२० चा हिशोब आधीच वजा करा

हे न सांगता पुढं गेलो तर तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. ई-२० म्हणजे हल्ली पंपावर मिळणारं, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलं की नुसत्या गणितानेच पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येही जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली आहे. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या नाहीत. तर आधी सोळा देणारी गाडी आता पंधरा देत असेल तर गाडी ठणठणीत आहे, तिला सोडून द्या. सोळाची तेरा झाली असेल तर पुढं वाचा.

पायरी २ : हवा, आणि मग गाडी ढकलून बघा

टायरमध्ये हवा किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. पंक्चरवाला सरसकट सगळ्यांना तीस मारतो आणि त्याचं मीटर बऱ्याचदा त्याच्या वडिलांच्या काळातलं असतं. पाच-सहाशेला स्वतःचं गेज घ्या. सकाळी गाडी थंड असताना बघा, कारण हायवेवरून तासभर पळून आल्यावर तेच प्रेशर तीन-चार पीएसआय जास्त दिसतं. माझ्या मागच्या दोन्ही टायरमध्ये बावीस होती, आणि मी तीन आठवडे इंजेक्टरवर संशय घेत बसलो होतो! नायट्रोजनवाला बोलावतो तिकडं जायचं तर जा, हवा जरा उशिरा उतरते एवढंच, ॲव्हरेजची जादू त्यात नाही. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला जास्त झिजलेले असतील, त्यावरून हात फिरवला की एका दिशेने करवतीसारखं लागत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या.

हवा स्टिकरप्रमाणे केल्यावर माझी पुढची टाकी आली ११.६. बरं, पण खूष होण्यासारखं नाही.

आता गाडी सपाट जागेवर न्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, आत कोणालातरी ब्रेकजवळ पाय ठेवून बसवा आणि मागून ढकला. छोटी हॅचबॅक एका माणसाच्या ढकलण्याने हलायला पाहिजे आणि हळूहळू चालत राहायला पाहिजे. हात काढताच जागेवर थांबत असेल तर कुठलं तरी चाक धरतंय. कुठलं ते शोधायला दहा-बारा किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, आणि उतरून चारही रिमजवळ हात न्या. जवळ म्हणतोय, लावायचा नाही, डिस्क भाजून काढते. पुढची दोन साधारण सारखी गरम पाहिजेत, मागची दोन त्यापेक्षा गार आणि एकमेकांसारखी. माझं मागचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं.

मग खात्री करायला जॅक. जॅक सपाट आणि टणक जागेवरच लावायचा, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा विटा लावायच्या आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. चाक उचलल्यावर हाताने फिरवा. थोडं घासल्याचा आवाज चालतो, पण एक-दोन फेऱ्या तरी सहज फिरलं पाहिजे. फिरताना खरखर आवाज आला, चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळलं, तर ते बेअरिंग.

माझ्या गाडीत हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. आधीचा मालक दर पावसाळ्यात गावी कोकणात गाडी दोन-दोन आठवडे हँडब्रेक ओढून उभी करायचा, त्यात आत पाणी गेलं, केबल गंजली आणि लिव्हर खाली टाकलं तरी ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) पूर्ण सुटायचेच नाहीत. केबल, शू, ड्रम साफ करून लेबर धरून बावीसशे रुपये गेले आणि पुढची टाकी १२.८. पुढच्या ब्रेकमध्ये हाच प्रकार कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्याने होतो. त्या काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत परत तेच. आणि पावसाळ्यात सपाट जागेवर गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पहिला गिअर टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा.

पायरी ३ : इंजिन पुरेसं गरम होतंय का

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे हा दोष निसर्गाने होत नाही, माणसं करतात.

इंजिन आणि रेडिएटरच्या मधे थर्मोस्टॅट नावाचा एक वॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो म्हणजे पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन पटकन तापतं, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीला तो उघडायला लागतो. आता एखाद्याची गाडी गरम होते, रेडिएटर चोंदलेला असतो कारण वर्षानुवर्षं कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) जागी बोअरचं पाणी ओतलेलं असतं आणि आत क्षार बसलेले असतात, तर रेडिएटर साफ करण्याऐवजी मेकॅनिक काय करतो, थर्मोस्टॅट काढून फेकून देतो. "आपल्या हवेत याची गरज नाही साहेब, हा थंडीच्या देशांसाठी असतो." हे वाक्य मी आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलंय. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूष, आणि त्या दिवसापासून इंजिन कायम अर्धकच्चं तापलेलं राहतं. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जरा जास्त मारत राहतो, ऑइल दाट राहतं, आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वर राहतं, आणि रोजची ये-जा वीस किलोमीटरची असेल तर इंजिन धड तापायच्या आत ऑफिस येतं.

मालकाला हे कळत नाही कारण बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये तापमानाचा काटाच नसतो, नुसता एक निळा दिवा असतो जो सुरुवातीला लागतो आणि इंजिन थोडं कोमट झालं की विझतो. माझाही विझत होता.

म्हणून इथं ओबीडीचा डोंगल लागतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारी छोटी डबी. ब्लूटूथचा साधा डोंगल ऑनलाईन हजाराच्या आत मिळतो, आयफोन असेल तर आयफोनला चालणारा बघून घ्या कारण स्वस्तातले बरेच ब्लूटूथवाले त्याला जोडले जात नाहीत. पोर्ट बहुतेक स्टेअरिंगच्या खाली असतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्याआधीच्या २०१०-११ च्या बऱ्याच गाड्यांतही चालतं, त्याहून जुनी असेल तर कोणाचा तरी डोंगल उसना आणून आधी चालतो का बघा. मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाका आणि पहिला आकडा बघा तो कुलंटच्या तापमानाचा. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर तो ऐंशीच्या वर जाऊन ऐंशी ते पंच्याण्णवच्या मधे राहिला पाहिजे. माझा हायवेवर ६४, ट्रॅफिकमध्ये ७५, मोकळा रस्ता लागला की परत खाली. मोकळ्या रस्त्यावर खाली येणं हीच खूण आहे, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. डोंगल नसेल तर दुसरी युक्ती, सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा, पंख्याच्या पात्यांपासून लांब राहून. पाईप बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला पाहिजे, पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर समजून जा.

मेकॅनिकने हाऊसिंग उघडलं तर आत नुसती रबराची रिंग. नवीन थर्मोस्टॅट महाग नसतो. पण नुसता तो बसवू नका, कारण ज्या कारणासाठी आधीच्याने काढला ते कारण अजून आतच आहे, गाडी परत तापेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. रेडिएटर साफ करा, पंखा वेळेवर लागतो का बघा, मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा, रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी भाजतं. माझा सगळा खर्च दीड हजाराच्या आत झाला आणि पुढची टाकी आली ३५२ भागिले २३.६, म्हणजे १४.९. इंजेक्टर क्लीनिंगवाल्याला व्हॉट्सॲपला फोटो पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं.

पायरी ४ : डोंगल लावलाच आहे तर

एरर कोड वाचून घ्या, चेक इंजिनचा दिवा लागला नसला तरी. पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०१७२ म्हणजे जास्त होतंय. माझ्या गाडीत एकही कोड नव्हता, जुना कॉम्प्युटर सगळ्यावर लक्ष ठेवत नाही, त्यामुळे "स्कॅन केलं, काही नाही" यावर समाधान मानू नका.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी टाकतोय ते हा आकडा सांगतो. शून्याच्या आजूबाजूला पाच टक्के ठीक. इथं एक खाचखळगा आहे, ई-२० वर जुन्या गाडीचा आकडा पाच-सात टक्के वर दिसणं नवलाचं नाही, कारण इथेनॉलला त्याच हवेमागे जास्त इंधन लागतं आणि कॉम्प्युटर ते भरून काढतोय. ते बघून सेन्सर बदलायला धावू नका. दहा-बाराच्या वर गेला तर मग शोधा, आणि असं शोधा की आयडलला बघा आणि मग अडीच हजार आरपीएमला बघा. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर नॉर्मल होत असेल तर कुठल्यातरी फुटलेल्या व्हॅक्यूम पाईपमधून हवा आत शिरतेय, जवळ कान नेला की सूं सूं आवाजही येतो कधीकधी. आकडा उणे दहा-पंधरा असेल तर उलटं, कुठूनतरी जास्तीचं पेट्रोल येतंय, गळका इंजेक्टर, चुकीचं सांगणारा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), उघडा अडकलेला पर्ज वॉल्व (कोळशाच्या डब्यातली वाफ इंजिनात सोडणारा).

ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा, ज्याच्यावर सगळे घसरतात, तो गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे पटापट वरखाली झाला पाहिजे. सुस्तावलेला असेल, एकाच जागी बसून राहिला असेल, तर बदलायचा विचार करा. पण हे आधी डोळ्यांनी बघा आणि मग पैसे काढा. माझा व्यवस्थित नाचत होता.

कार्बोरेटरच्या गाड्या असलेल्यांनी ही पायरी सोडा, तुमच्याकडे डोंगल लावायला काही नाही, तुमच्यासाठी चोक पूर्ण सुटतो का, फ्लोट गळतो का आणि एअर फिल्टर स्वच्छ आहे का एवढंच बघणं आहे.

पायरी ५ : ऑइल, प्लग, फिल्टर

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाकू" म्हणून ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओततात, त्याने इंजिनचा आवाज कमी वाटतो आणि मालकाला बरं वाटतं, पण ते जाड ऑइल ढवळायला लागणारी ताकद पेट्रोलमधूनच येते. इंजिन ऑइल खात नसेल तर कंपनीने सांगितलेलाच ग्रेड.

प्लग काढून त्यांचे रंग बघा, हे फुकटचं रिपोर्ट कार्ड आहे. ग्लुकोजच्या बिस्किटासारखा रंग म्हणजे छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते खुणा करून ठेवा, एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. माझे तिन्ही काळपट होते, थर्मोस्टॅटनंतर दोन महिन्यांनी परत काढले तर बिस्किटी झाले होते. प्लगच्या टोकातली गॅप (फट) मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघा. प्लग इंजिन थंड असतानाच काढा, आणि लावताना आधी हाताने आटे बसवा मग पान्याने घट्ट करा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर हा सगळा लेख स्वस्त वाटेल.

एअर फिल्टर बदला, पण त्याने ॲव्हरेज दोनने वाढेल असं समजू नका. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने मुख्यतः पिकअप जातं.

वास, क्लच आणि एसी

गाडीभोवती, विशेषतः सकाळी, पेट्रोलचा वास येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो शोधा. इथेनॉलने जुन्या रबरी पाईपांना भेगा जातात, टाकीजवळचा आणि इंजिनजवळचा पाईप वाकवून बघा. चुरचुरीत झाला असेल तर इंधनासाठीचाच पाईप लावा, कुठलाही नको. इथं प्रश्न ॲव्हरेजचा नाही, आगीचा आहे.

क्लच घसरतो का बघायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाले, इंजिन ओरडलं आणि स्पीड मागून रेंगाळत आला तर क्लच प्लेट संपली. एसी चालू असताना कॉम्प्रेसर अधूनमधून कट होतो का ते ऐका, गॅस कमी असेल तर तो गारवा देत नाही आणि बंदही होत नाही.

चालवण्याबद्दल थोडंसं

उपदेश करत नाही, एकच गैरसमज काढतो. खंबाटकी उतरताना किंवा बोरघाटात गाडी न्यूट्रल करून "पेट्रोल वाचवणारे" खूप आहेत. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतात कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायला पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळा. म्हणजे जास्त पेट्रोल जाळून जीव धोक्यात घालायचा. बाकी हाफ क्लचवर ट्रॅफिकमध्ये रांगणं सोडा, टपावरचा रिकामा कॅरियर काढा, डिकीतल्या गेल्या दिवाळीपासूनच्या पिशव्या काढा.

आणि पेट्रोलच्या पाईपला लावायचे मॅग्नेट, लायटरमध्ये खोचायच्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्या, टाकीत टाकायच्या गोळ्या, यातलं काही घेऊ नका. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोलसुद्धा साध्या जुन्या इंजिनात ॲव्हरेजसाठी टाकायची गरज नाही, ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून इंजिनात होणारी ठकठक) सहन करायची ताकद, जास्तीची ऊर्जा नव्हे.

तरीही नाहीच जमलं तर

शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद केलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. आकडे मॅन्युअलच्या जवळ आणि एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत पाहिजेत. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा, वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तेवढाच राहिला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट. तेव्हा मग गाडीची किंमत आणि इंजिनच्या कामाचं एस्टिमेट शेजारी शेजारी लिहून बघायचं, बऱ्याचदा वर्षाला वाया जाणाऱ्या पेट्रोलपेक्षा काम कितीतरी महाग निघतं आणि मग आहे तशी चालवणं परवडतं.

माझे तिन्ही सिलिंडर बरोबर निघाले. ऑइल योग्य ग्रेडचं टाकल्यावर आकडा १५.४ वर आला, कोल्हापूरला जाऊन आलो तेव्हा अठरा दिला. आधीचा मालक म्हणायचा ते सोळा ई-२० च्या आधीचं होतं असं धरलं तर हिशोब जुळतो. आता मागच्या उजव्या चाकातून साठच्या पुढं गुणगुण सुरू झालीय, बेअरिंग असणार, रविवारी जॅक लावून बघतो.